ओळ इथे संपते

चष्म्याच्या काचा घासणाऱ्या कारखान्यात बाबांचं काम फोन उचलायचं होतं, आणि ते त्यांनी इतकी वर्षं केलं होतं की घरातला फोन वाजला तरी ते "बोला, उजवा आधी" म्हणायचे. दुकानदार डोळ्यांचे नंबर सांगताना उजव्या डोळ्यापासून सुरुवात करतात, त्यातून लागलेली ही खोड. मी थोरली, लग्न होऊन परगावी गेलेली. आधी आधी मला हसू यायचं, मग तेही थांबलं. "उजवा बरा आहे, डावाही बरा आहे, आता आईला द्या," असं मी सरळ म्हणायचे.

कारखाना म्हणजे एका लांबट इमारतीचा तळमजला. पुढच्या खोलीत फोन आणि बाबांचं टेबल, मधल्या खोलीत मालक, मागे यंत्रं, पाण्याची सततची धार आणि घासलेल्या काचेचा पांढरा गाळ. पॅकिंगच्या मावशींचं टेबल मात्र पुढेच, दारापाशी. गावातल्या चष्म्याच्या दुकानांतून फोन यायचे, बाबा ऐकायचे आणि सगळं एका ओळीत टाइप करून मागे पाठवायचे. त्यांचा एक नियम होता: समोरचा जसं बोलतो तसं लिहायचं, आपलं डोकं मध्ये खुपसायचं नाही. आणि एक सवय होती, ती कुठल्या नियमात बसत नव्हती. ओळीच्या शेवटी ते दोन-तीन शब्द जास्तीचे घालायचे. 'शिवणकाम करतात.' 'परीक्षा आहे, लवकर.' 'एकट्या राहतात, काच जड नको.' दुकानदार बोलता बोलता असलं काही सांगून जायचे. बाबांचं म्हणणं, काच कोणाच्या नाकावर बसणार हे घासणाऱ्याला कळलं की त्याचा हात जरा जपून चालतो.

मग मालकांनी नवीन यंत्र आणलं. ते काच आपली आपण घासायचं, पण त्याला बाबांची ओळबिळ कळत नव्हती. प्रत्येक आकडा सुटा करून, ज्याच्या त्याच्या घरात बसवून द्यावा लागायचा. मालक डोक्याला हात लावून बसले. बाबा म्हणाले, "माझी धाकटी करेल की. तिचं तेच काम आहे."

धाकटी म्हणजे माझी बहीण. घरी बसून लोकांचे प्रोग्रॅम लिहून द्यायची. हुशार होती, आणि आपण हुशार आहोत हे तिला जरा लवकरच कळलं होतं. पुढचं सगळं तिनंच मला नंतर सांगितलं, काहीही न लपवता, आणि मधे मधे मी तिला नको गं म्हटलं तरी थांबली नाही.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिनं बाबांना आपलं काम समजावून दिलं. "एवढी मोठी ओळ एकदम वाचायला गेलं की घोळ होतो, बाबा. म्हणून मी बारके बारके पार्सर लिहिते. पार्सर म्हणजे वाचणारा. एकाला फक्त अधिक-उणं ओळखता येतं. एकाला फक्त आकडा. दोघांना जोडलं की चष्म्याचा नंबर वाचणारा तयार. त्याला आणखी दोघं-तिघं जोडले की एका डोळ्याचं सगळं वाचणारा. तोच दोनदा चालवला की झाला अख्खा चष्मा."

"आणि प्रिझम?" बाबांनी विचारलं.

काही लोकांचे दोन डोळे एकमेकांशी पटवून घेत नाहीत, एका वस्तूच्या दोन दिसतात. अशांच्या काचेत थोडा तिरकेपणा ठेवतात, त्याला प्रिझम म्हणायचं. किती, आणि कुठल्या बाजूला, आत, बाहेर, वर की खाली, एवढं सांगितलं की पुरतं.

"तो सगळ्यांना कुठे असतो? म्हणून त्याच्या पार्सरला 'असला तर' लावून दिलंय. असला तर वाच, नसला तर गप पुढे हो, भांडत बसू नकोस."

"गुणी आहे," बाबा म्हणाले.

"आणि सगळ्यांच्या शेवटी एक असतो, तो काहीच वाचत नाही. ओळ इथे संपते का, एवढंच बघतो. काही उरलं असलं की बोंब मारतो."

"म्हणजे आमच्या मावशी!" बाबा खूश झाले. पॅकिंगच्या मावशी रिकामा झालेला प्रत्येक खोका उलटा करून टेबलावर आपटायच्या, आत काही राहिलं तर नाही ना म्हणून. कारखान्यात त्यावरून त्यांची यथेच्छ चेष्टा व्हायची. दुसऱ्या दिवशी बाबा आगगाडीचे डबे जोडावेत तशी माझी पोरगी वाचणारे जोडते, असं सगळ्यांना सांगत फिरले. दुकानदारांनाही सांगितलं, फोनवर, उजवा आणि डावा यांच्या मध्ये.

आलेली ओळ जशीच्या तशी साठवून ठेवायची का, असं मालकांनी तिला विचारलं होतं. "आकडे मिळाल्यावर शब्दांचं काय लोणचं घालायचंय?" ती म्हणाली. मालक हसले, आणि ते तिथेच राहिलं.

पहिल्या दिवशी बाबांच्या खुर्चीमागे मालक उभे होते, मालकांचे एक मित्र होते, त्यांचाही असाच कारखाना होता, आणि मागचे दोघं-तिघं कारागीर हात पुसत आले होते. बाबांनी पहिली ओळ लिहिली. पडद्यावर लाल. दुसरी लिहिली, तीही लाल. "काका, जरा नीट लिहा," मालक म्हणाले. बाबा नीटच लिहीत होते. फक्त शेवटी 'लवकर' होतं, 'शिवणकाम करतात' होतं, आणि टोकाला बसलेला तो पार्सर उरलेले शब्द बघून इमानेइतबारे बोंब मारत होता.

शेजारी लॅपटॉप घेऊन बसलेल्या धाकटीला हे लगेच कळलं. याचा खरा उपाय म्हणजे शेरे वाचणारा आणखी एक पार्सर लिहायचा आणि मधे जोडायचा, हेही कळलं. पण त्याला निवांत बसावं लागलं असतं, आणि मालकांचे मित्र घड्याळ बघत होते. तिनं लॅपटॉप पुढे ओढला, तो शेवटचा पार्सर काढून टाकला आणि म्हणाली, "आता टाका, बाबा."

हिरवी खूण आली. पुन्हा टाकली, पुन्हा हिरवी. मालकांनी बाबांच्या पाठीवर थाप मारली, मित्रांनी तिचा फोन नंबर मागून घेतला. हे आपलं तात्पुरतं, असं ती स्वतःशी म्हणाली. आमच्या घरात तात्पुरता म्हणून लावलेला स्वयंपाकघराचा पडदा माझ्या लग्नाआधीपासून तसाच आहे. तिला निदान तेवढं तरी आठवायला हवं होतं.

काही आठवडे बरे गेले. मग एका शिंप्याला प्रत्येक सुईच्या दोन सुया दिसू लागल्या. दुकानदार फोनवर तणतणला, "मी प्रिझम सांगितला होता!"

"सांगितला होता, आणि मी लिहिला होता," बाबा म्हणाले.

नोंद काढली. नंबर सगळे बरोबर, प्रिझम नाही. बाबांनी नोंद पुन्हा वरपासून वाचली आणि ते म्हणाले, "राहिला असेल माझ्याकडून."

तसं पुन्हा झालं, आणि पुन्हा. दरवेळी मात्र होत नव्हतं. कधी प्रिझम यायचा, कधी गळायचा. यंत्र चुकलं तर सारखं चुकेल, हे असं अधूनमधून माणूसच चुकतो, हे मालकांचं म्हणणं कोणालाही पटावं असं होतं. धाकटीला पटलं. आईला पटलं. मला, इतक्या लांब बसून, सगळ्यांत आधी पटलं. बाबांच्या मोठ्या भावाचं, अण्णांचं, असंच सुरू झालं होतं ना. आधी किल्ल्या, मग वार, मग स्वतःच्या मुलाला "आपण कोण?" असं अदबीनं विचारणं. शेवटी शेवटी त्यांना भरवायला बाबाच जायचे. पुढे काय काय होतं ते बाबांना दुसऱ्या कोणी सांगायची गरज नव्हती.

ते फक्त प्रत्येक ओळ लिहून झाल्यावर जवळ जो असेल त्याला विचारू लागले, "लिहिलं ना मी?" बिलं घ्यायला आलेल्या माणसालाही विचारायचे.

मग एक निवृत्त शिक्षिका स्वतःच्या घरातल्या जिन्यावरून पडल्या. दिसलेल्या दोन पायऱ्यांतली नसलेली पायरी त्यांनी निवडली. मनगट मोडलं. त्यांच्याही नोंदीत प्रिझम नव्हता. मालकांनी धाकटीला मधल्या खोलीत बोलावलं. ते वाईट माणूस नाहीत. आवाज खाली आणून म्हणाले, "एक दिवस काकांच्या शेजारी बस. नुसतं बघ. मला त्यांना दुखवायचं नाही गं, पण लोकांच्या डोळ्यांशी खेळ आहे."

ती बसली. मांडीवर लॅपटॉप, त्यात नोंदींचं पान उघडं. सकाळभर काही झालं नाही. बाबा फोन घेत होते, दोन बोटांनी टाइप करत होते, अधूनमधून विचारत होते, "लिहिलं ना मी?" आणि ती म्हणत होती, "हो बाबा, लिहिलंत."

दुपारी एका दुकानाचा फोन आला. बाबा ऐकत होते तसे लिहीत होते. उजवा उणे सव्वादोन. डावा उणे दोन. आत दोन. ड्रायव्हर आहेत, घाई. तिनं पडद्यावर स्पष्ट बघितलं: आत २. बाबांनी बटण दाबलं. हिरवी खूण. तिनं मांडीवरच्या नोंदीकडे नजर टाकली. प्रिझमचं घर रिकामं.

तिनं ओळ मनात पुन्हा वाचली आणि तिला उमगलं. तिच्या प्रिझमच्या पार्सरला आधी आकडा आणि मग बाजू हवी होती. काही दुकानदार 'दोन आत' म्हणतात, काही 'आत दोन' म्हणतात, आणि बाबा समोरचा जसं बोलतो तसं लिहितात. आधी 'आत' दिसलं की तिचा गुणी पार्सर समजायचा की प्रिझम नाहीच, आणि न भांडता पुढे व्हायचा. पुढे उरलेल्या शब्दांसाठी बोंब मारणारा कोणी नव्हता. त्याला तिनंच घालवला होता.

बाबा तिच्याकडे वळले. हात अजून बटणांवरच होते. "लिहिलं ना गं मी? प्रिझम?"

मधल्या खोलीचं दार उघडं होतं. मालक फोनवर त्याच मित्राशी बोलत होते, त्यांच्या कारखान्यासाठी तिचा प्रोग्रॅम घ्यायचं चाललं होतं.

"माझं लक्ष नव्हतं, बाबा," धाकटी म्हणाली.

बाबांनी मान डोलावली. "असू दे. माझंही नसेल."

हे ती मला फोनवरून सांगत होती. दोन थोबाडीत माराव्यात असं वाटलं मला, आणि त्याच वेळी तिला जवळही घ्यावंसं वाटलं. दोन्ही करता येत नव्हतं.

तो एक चष्मा तिनं वाचवला. उठून मागे गेली आणि यंत्रावर काच चढायच्या आत नोंद हातानं दुरुस्त केली. येताना मालकांनी दारातच विचारलं, "काय झालं?"

"एक प्रिझम राहिला होता."

"काकांकडून?"

ती बोलली नाही. तिला वाटलं, आपण हो म्हटलेलं नाही. मालकांनी मोठा सुस्कारा सोडला आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. दुसऱ्या दिवसापासून बाबांना घरी विश्रांती घ्यायला सांगितलं, आणि फोनवर मालकांच्या वहिनी बसू लागल्या.

त्याच संध्याकाळी धाकटीनं सगळं दुरुस्त केलं. आकडा आधी नाहीतर बाजू आधी, दोन्ही वाचणारा प्रिझमचा पार्सर. त्याच्यामागे शेरे वाचणारा. आणि टोकाला पुन्हा तो जुना, ओळ इथे संपते का एवढंच बघणारा. काम चोख झालं. दिवे लागायच्या आत झालंही. पहिल्या दिवशी एवढ्याच वेळाचा प्रश्न होता. सांगितलं मात्र कोणाला नाही. आधी चूक दुरुस्त करू, मग तक्रारी थांबल्या की बाबांना आपोआप परत बोलावतील, असा तिचा हिशेब.

तक्रारी थांबल्या. थांबणारच. मालकांचा फोन आला. "तू वेळेवर लक्षात आणून दिलंस म्हणून बरं झालं बघ. काका उठले तशी एकही तक्रार नाही. वाईट वाटतं, पण आता शंकाच उरली नाही."

तिनं केलेली दुरुस्ती बाबांच्याविरुद्धचा पुरावा झाली होती. हे तिला फोन ठेवता ठेवता कळलं, आणि ती न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडली. बाहेर बाबा आईला विचारत होते, "गॅस बंद केला ना मी?"

तो प्रश्न मग घरात राहायलाच आला. गॅस, कुलूप, औषध. जेवून उठले की विचारायचे, "मी जेवलो ना?" त्यांना आठवत असायचं, पण आपल्या आठवणीवर विसंबावं की नाही हे कळत नव्हतं. अण्णांना आपलं चुकतंय हे कळायचं नाही, म्हणून आपण आधीच विचारलेलं बरं, असं त्यांनी आईला एकदा समजावून सांगितलं. घाबरलेला माणूस चुकतोच. बाबाही चुकू लागले. चहात साखर दोनदा घातली. शेजारच्यांच्या दाराला आपली किल्ली लावत बसले. आई पदर डोळ्याला लावायची. फोन वाजला की ते फोनकडे बघायचे आणि दुसऱ्या कोणी उचलायची वाट बघायचे. 'बोला, उजवा आधी' बंद झालं.

माझीही कथा सांगते. मी फोनवर त्यांच्याशी मोठ्यानं आणि सावकाश बोलायला लागले होते, लहान मुलाशी बोलतात तसं. "बा-बा, मी थोर-ली." ते म्हणायचे, "कळलं गं बाई." मला अजून त्याची लाज वाटते.

धाकटी रोज ठरवायची, आज चहाच्या वेळी सांगू. चहा व्हायचा. पहिल्या दिवशी नुसती चूक सांगायची होती. मग चूक आणि त्यावरचं गप्प बसणं. मग गप्प बसण्याचे सगळे दिवस. ओझं रोज वाढत होतं आणि उचलणारी तीच. मालकांच्या मित्रांच्या कारखान्याचं काम तिला मिळालं. त्यांना तिनं दुरुस्त केलेला प्रोग्रॅम दिला. बाबांनी पेढे आणायला सांगितले, आणि आणल्यावर विचारलं, "पेढे कशाचे?" मग स्वतःच म्हणाले, "चेष्टा केली गं. आठवतंय मला." कोणी हसलं नाही.

बाबांना डॉक्टरकडे न्यायचं ठरलं तेव्हा मी आले. डॉक्टर तरुण बाई होत्या, चटपटीत, टेबलावर कागद-पेन घेऊन बसलेल्या. आई घरीच थांबली, तिच्यानं ऐकवलं नसतं. आम्ही दोघी बहिणी बाबांच्या दोन बाजूंना.

"काय विसरायला होतं, काका?" डॉक्टरांनी विचारलं.

बाबा तयारी करून आले होते. सदऱ्याची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, हात मांडीवर. "पहिला शिंपी," ते म्हणाले. "पुलाजवळचं दुकान. उजवा अधिक दीड, डावा अधिक पावणेदोन, आत दोन. मी आत दोन लिहायला विसरलो. शिवणकाम करतात, ते मात्र लिहिलं."

डॉक्टर लिहीत होत्या.

"मग ती कॉलेजातली मुलगी. उजवा उणे चार, डावा उणे साडेचार, बाहेर तीन. बाहेर तीन राहिलं. परीक्षा आहे म्हणून लिहिलं होतं. मग ते बागकाम करणारे गृहस्थ, खाली एक, तेही राहिलं. मग शिक्षिका." इथे त्यांनी गळ्यापाशीचं बटण चाचपून बघितलं. "वर दीड. घरात जिना आहे, हे लिहिलं मी, दुकानदारानं मुद्दाम सांगितलं होतं. आणि वर दीड लिहायचं विसरलो. जिना लिहितो आणि प्रिझम विसरतो. बाईंचं मनगट मोडलं माझ्यापायी."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "काका, हे सगळं तुम्हाला पाठ आहे?"

"जे विसरलो तेवढंच पाठ आहे," बाबा म्हणाले. "रात्रंदिवस तेच आठवतं."

आत दोन, बाहेर तीन, खाली एक, वर दीड. मला त्यातलं काही कळत नव्हतं. मी फक्त धाकटीकडे बघत होते, कारण प्रत्येक आकड्याला ती कोणी चापट मारल्यासारखी मिटत होती. तिच्या हातातली पर्स वेडीवाकडी झाली होती.

"बाबा, पुरे," ती म्हणाली. "तुम्ही काहीही विसरला नाहीत. सगळं लिहिलं होतंत. माझ्या प्रोग्रॅमनं वाचलं नाही. बाजू आधी लिहिली की तो प्रिझम सोडून द्यायचा, आणि ओळीत काही उरलंय का ते बघणारा पार्सर मी पहिल्याच दिवशी काढून टाकला होता. तुमचे शेरे आले की लाल यायचं म्हणून. चूक माझी आहे. सगळी माझीच आहे."

बाबांना ते लगेच कळलं. त्यांना कळायला कधीच वेळ लागत नव्हता. पण त्यांनी आधी विचारलं ते वेगळंच. "म्हणजे अण्णासारखं नाही?"

"नाही, बाबा."

"नाही ना?" त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, मग डॉक्टरांकडे. डॉक्टर म्हणाल्या की तपासण्या करून घेऊ, पण मला तरी तसं दिसत नाही. बाबांनी डोळे मिटले. दोन्ही हात तोंडावर ठेवले. खांदे हलत होते. ते आनंदानं रडत होते आणि धाकटी शरमेनं, आणि मधे डॉक्टर बिचाऱ्या टेबलावरचा पाण्याचा पेला कोणाकडे सरकवावा या विचारात.

बाहेर आलो. पॅसेजमध्ये बाकावर बसून त्यांनी चपलेचा पट्टा नीट केला आणि खाली बघूनच विचारलं, "तुला कधी कळलं?"

मी मनात म्हटलं, खोटं बोल. देवाशप्पथ सांगते, मी तसं म्हटलं. काल कळलं म्हण, आज सकाळी कळलं म्हण.

"तुमच्या शेजारी बसले होते त्या दिवशी," धाकटी म्हणाली.

बाबा पट्ट्याशी थांबले. "मी तुला विचारलं होतं."

"हो."

"लिहिलं ना गं मी, म्हणून."

"हो, बाबा."

"म्हणजे लक्ष होतं तुझं."

तिनं मान हलवली. ते आणखी काही बोलतील, ओरडतील, असं आम्हा दोघींनाही वाटलं. निदान मला तरी ते हवं होतं. आरडाओरडा झाला असता तर प्रकरण मिटलं असतं. ते उठले आणि म्हणाले, "चला, तुमची आई वाट बघत असेल."

मालकांना तिनं त्याच दिवशी जाऊन सांगितलं. मालकांचा आवाज पुढच्या खोलीपर्यंत आला म्हणे. त्यांच्या मित्रांनाही तिनंच फोन केला, आणि ते काम गेलं. त्या शिक्षिकांच्या घरीही जाऊन आली, तिथे काय झालं ते मात्र तिनं मलाही सांगितलेलं नाही. मालक स्वतः घरी आले, बाबांच्या पायाशी वाकले, आणि बाबा म्हणाले, "अहो, तुम्ही कशाला? नोंदीत नव्हता तो तुम्हाला कुठून दिसणार?"

मी परत निघणार त्या सकाळी बाबा पहिल्यांदा कामावर जाणार होते. बॅग घेऊन मी त्यांच्याबरोबरच गेले, गाडी दुपारची होती. धाकटी आधीच येऊन बसली होती, त्यांच्या खुर्चीशेजारी स्टुलावर, लॅपटॉप मांडीवर. आता शेरे कागदावर मोठ्या अक्षरात छापून मागे जातील, हे तिला त्यांना दाखवायचं होतं. बाबांनी रुमालानं कीबोर्डची बटणं पुसली. "छान केलंस," ते तिला म्हणाले. ते खरंच म्हणाले, टोमणा नव्हता. बाबांना टोमणे येत नाहीत.

फोन वाजला. बाबांनी उचलला. "बोला, उजवा आधी."

मी क्षणभर भिंतीकडे तोंड केलं, मग वळले. मागे यंत्राची घरघर चालू होती. बाबा दोन बोटांनी लिहीत होते. लिहून झालं, फोन ठेवला, आणि बटण दाबायच्या आधी हात थांबला. ती जुनी सवय अजून गेली नव्हती. धाकटीनं मान वर केली. तोंडातून 'हो बाबा' निघायच्याच बेतात होतं, मला दिसत होतं.

बाबांनी पलीकडे बघून हाक मारली, "मावशी, जरा येता का?"

पॅकिंगच्या मावशी हातातला खोका उलटा करून आपटून आल्या. चष्मा नाकावर सरकवून पडद्यावर वाकल्या.

"लिहिलं ना मी सगळं? वाचा बघू."

मावशींनी शब्दाशब्दाखाली बोट नेत वाचलं. त्यांना वाचायला वेळ लागायचा, आणि तो त्यांनी घेतला. "उजवा अधिक दोन. डावा अधिक अडीच. आत एक. नातवंडांना गोष्टी वाचून दाखवतात." बोट टोकाला थांबलं. "एवढंच आहे. पुढे काही नाही."

"झालं तर मग," म्हणून बाबांनी बटण दाबलं.

धाकटी शेजारीच बसली होती. तिचं लक्ष होतं.